ईटहून आलेली पेटी

वाशी,
वैशाख, १९५९

प्रिय प्रमोदिनी,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. 'उलट टपाली उत्तर पाठव' याखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास, तरी मला आज शनिवार उजाडला. सोमवारी चौकशीचे साहेब आमच्या शाळेत येणार. त्यांच्यापुढं मी काय बोलायचं ते तू लिहूनच दिलं आहेस. ईट गावच्या शाळेतल्या गजराबाईंनी कुणाला न विचारता पुस्तक आजाऱ्याच्या घरात दिलं, पेटी-योजनेचा यात काही दोष नाही, एवढंच म्हणायचं. मी असं म्हटलं तर गजराबाईंची नोकरी जाईल आणि तुझ्या पेट्या फिरत राहतील. नाही म्हटलं तर दिल्लीचं सगळं पाण्यात. तू इतकं उघड लिहिलं आहेस की कळलं नाही असं म्हणायचीही सोय ठेवली नाहीस.

तू हट्टी आहेस हे मी तुळजापुरापासून जाणते. निजामाच्या अमदानीत मराठी वाचनालय काढायचं म्हणजे आधी परवानगी मागा, आणि परवानगी मागितली की चौकीवर नाव चढायचं. तेव्हा तू पुजाऱ्यांच्या आळीत घरोघर फिरून पुस्तकं मागायचीस आणि मी लाजून तुझ्या मागं उभी राहायची. कुणी अर्धी फाटलेली पोथी दिली, कुणी पंचांग दिलं. एका काकूंनी तर मुलाची गणिताची वही दिली आणि वर म्हणाल्या, 'घेऊन जावा, पोरगं काय शिकंना.' तू तीही घेतलीस. 'पमे, हिचं काय करायचं?' असं मी विचारलं, तर म्हणालीस, 'नाही म्हणायची सवय लागू नये त्यांना.' त्या दिवशी आपण देवीच्या पायऱ्यांवर बसून किती हसलो होतो!

पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, मग पुन्हा बदललं. कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली. तू शिक्षण खात्यात अधिकारी झालीस आणि म्हणालीस, आता परवानगी मागायची नाही, आता द्यायची. पुस्तकांच्या त्या हिरव्या लोखंडी पेट्या, प्रत्येकीला दोन कड्या, झाकणाच्या आत चिकटवलेली गावांची नावं. एका शाळेत पेटी महिनाभर राहायची, मग बैलगाडीनं नाहीतर एस.टी.च्या टपावरून पुढच्या गावाला. उमरग्याकडच्या गावांना तू कन्नड पुस्तकं घातलीस म्हणून वरून ताशेरे आले, तेव्हा तू म्हणालीस, 'तिथल्या आज्ज्या कन्नडात रागावतात, तर वाचतीलही कन्नडातच.' मी हे आमच्या बायकांना सांगते आणि अजूनही सगळ्या हसतात. पेटी यायची त्या दिवशी आमच्या शाळेला सणाचं रूप यायचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या बायासुद्धा यायच्या आणि चित्रं बघत बसायच्या. महालिंगप्पा दुकानदारांची थोरली सून तर माझ्याकडे अक्षरं गिरवायला येऊ लागली, सासऱ्याला चोरून. मग सासऱ्याला कळलं, आणि तो स्वतःच तिला पाटी घेऊन आला. हे सगळं तुझं आहे. ते मी कधी नाकारणार नाही, सोमवारीही नाही.

पण तुझं एक वाक्य होतं, पेटी थांबत नाही. मांजरेला पूर आला तरी पेटी थांबली नाही, मराठी राज्यासाठी मोर्चे निघाले, गाड्या बंद पडल्या, तरी थांबली नाही. आपल्या सगळ्या शिक्षिकांना त्याचा अभिमान होता. दिल्लीच्या पाहुण्यांनाही तू हेच सांगितलंस, आणि ही पद्धत देशभरच्या शाळांत न्यायची म्हणून ते पेटी उघडताना बघायला वाशीला येणार असं ठरलं. शेणाचे सडे घातले आम्ही, तोरण बांधलं. त्या पेटीला आधी ईटला महिना काढायचा होता.

ईटला काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण तुझ्या पत्रात ते फार थोडक्यात उरकलं आहे. तिथं देवी आल्या. शंकरप्पांच्या चन्नम्माला आल्या. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. घरात देवी आली की ते लेकरू लेकरू राहत नाही, ते आई होतं. दाराला लिंब बांधायचा, फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं रडायचं नाही, आणि आई जे मागेल ते द्यायचं. चन्नम्मानं तापात मोराच्या चित्रांचं पुस्तक मागितलं. शंकरप्पा शाळेच्या दारात हात जोडून उभे राहिले, 'आई पुस्तक मागतीया, बाई. नाय म्हणू नका.' गजराबाईंनी दिलं. कुठल्या नियमात बसवून नाही म्हणायचं होतं त्यांनी? मी असते तर दिलं असतं. तूही दिलं असतंस, उगाच मान हलवू नकोस.

आणि चन्नम्मा वाचली. इथंच सगळं फिरलं, प्रमोदिनी. ती गेली असती तर त्या पुस्तकाला कुणी हात लावला नसता. ती वाचली, म्हणून पुस्तक पावलं. उशाखालून काढून त्याला हळदकुंकू वाहिलं, खणात गुंडाळलं, लिंबाच्या डहाळ्या घालून मानानं पेटीत ठेवलं. गाडीवानानं वाशीच्या वेशीपासून सांगत आणलं की आईचं पुस्तक येतंय. पेटी उघडली तेव्हा बाया रांगेनं पुढं आल्या. एकेका मुलीच्या कपाळाला ते पुस्तक टेकवलं. पाहुण्यांना वाटलं विद्येची पूजा चालली आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढला. तू त्यांच्या शेजारी उभी होतीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही होतं.

तो फोटो तू पत्रासोबत पाठवलास. आमची वच्छी मधोमध आहे, पुस्तक कपाळाला लावून, डोळे गच्च मिटलेले. तू लिहिलं आहेस की दिल्लीच्या अहवालात हाच छापणार, भाची किती गोड दिसते बघ. मी बघितला. ह्यांना अजून दाखवलेला नाही.

पंधरा दिवसांनी पहिली मुलगी तापली. मग दुसरी. मग दारोदार लिंब दिसायला लागला, आमच्याही दाराला. वाशीत चार मुली गेल्या. चन्नबसप्पांची गंगा गेली, कोष्ट्यांची सोना गेली आणि महालिंगप्पांची धाकटी नात गेली. देवीनं नेलेल्याला आपल्यात जाळत नाहीत, म्हणून ओढ्याकाठी पुरलं. शाळेच्या खिडकीतून ती जागा दिसते. मी आता मुलींना खिडकीकडे पाठ करून बसवते.

महालिंगप्पा माणसं घेऊन शाळेत आले. रॉकेलचा डबा होता हातात. मला वाटलं ओरडतील, पण ते हळू आवाजात म्हणाले, 'बाई, तुमचं लई ऐकलं आमी. आता ही पेटी गावाभायेर काढा.' मी पेटीवर बसून राहिले. ते डबा तिथंच ठेवून निघून गेले. डॉक्टरांना मी विचारलं, पुस्तकानंच आल्या का? ते म्हणाले, पुस्तकानं असतील, गाडीवानानं असतील, खणानं असतील, छातीठोक सांगता येत नाही. पण ईटहून त्या आठवड्यात वाशीला आलं ते एवढंच, पेटी आणि पेटीबरोबरचं माणूस. कसंही धरलं तरी आल्या त्या त्याच गाडीतून.

म्हणून मागच्या आठवड्यात मी ईटला गेले. गजराबाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. नवरा गेल्यावर ट्रेनिंग करून उभी राहिलेली बाई, घरात अंथरुणाला खिळलेली आई. शेजारणी बोलत नाहीत. मला बघून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग रडायला लागल्या. म्हणाल्या, 'मी विचारलं होतं हो त्यांना. न्यायच्या आदल्या दिवशी आल्या होत्या त्या जीपमधून. म्हणलं, बाई, गावात देवी हायेत, पेटी ऱ्हाऊ द्या इथंच. दारावरचा लिंब दावला मी. बघितला त्यांनी. म्हणल्या, परवा पाहुणे वाशीला येणार, पेटी थांबत न्हाय.' हे सांगताना त्यांनी तुझ्याबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही. उलट मलाच विचारलं, 'त्यांच्यावर काय बालंट येणार न्हाय ना?'

प्रमोदिनी, तू लिंब बघितला होतास. हे तुझ्या पत्रात कुठंच नाही. तुझ्या पत्रात दिल्ली आहे, शेकडो शाळा आहेत, अजून अक्षर न पाहिलेल्या मुली आहेत, आणि एका बाईच्या नोकरीपायी हे सगळं बुडवायचं का असा प्रश्न आहे. प्रश्न बिनतोड आहे, वादात तू कधी हरली नाहीस. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायचं आणि त्याला देशकार्य म्हणायचं, हे तू कधी शिकलीस? नाही म्हणायची सवय लोकांना लागू नये म्हणायचीस तू. गजराबाई तुला थांब म्हणाल्या, तेव्हा तुलाच ती सवय लागलेली होती. मला तुझा राग आला आहे. इतका राग मला आजवर कुणाचाच आलेला नाही, आणि तुझ्याशिवाय हा राग सांगायला मला दुसरं कुणी नाही.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते लिहिते. वाशीतल्या चार मुली म्हणाले, आणि तिघीच लिहिल्या. चौथी वच्छी. मास्तरणीची मुलगी म्हणून त्या पुस्तकावर पहिला हक्क तिचा, ती ते घरी घेऊन आली आणि उशाशी घेऊन झोपली. लहानपणची लस धरली नव्हती, पुन्हा टोचायची राहून गेली. ताप चढल्यापासून अकराव्या दिवशी गेली. घरात देवी असताना रडायचं नसतं, आणि देवी गेल्यावर मला रडता आलं नाही. तुझ्या पत्रात तिच्यासाठी खाऊचे पैसे होते, ते परत पाठवते आहे. सोमवारी गजराबाईंना इथं बोलावलं आहे आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहणार आहे. पेट्या चालू ठेवा असं मी साहेबांना हात जोडून सांगणार आहे. माझी मुलगी गेली आहे, माझं ते ऐकतील. पण त्या तुझ्या हातून नकोत, हेही मी सांगणार आहे, लिंबासकट सगळं. हे परक्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून हे पत्र, आणि ते एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देते आहे म्हणजे उद्याच तुला मिळेल. सोमवारी सकाळच्या गाडीनं तू स्वतः आलीस आणि स्वतःच्या तोंडानं बोललीस, तर मी एक शब्द काढणार नाही. आलीस तर आमच्याच घरी उतर, तुला दुसरीकडे जाऊ देणार नाही. फक्त नेहमीसारखी कोपऱ्यावरूनच वच्छीला हाका मारत येऊ नकोस.

अजूनही तुझीच,
लीला