सातव्या पायरीवरची मधली जागा

लष्कर, ग्वाल्हेर
संक्रांत होऊन आठवडा झाला, सूर्याला अजून कोणी कळवलेले दिसत नाही

तीर्थस्वरूप शरच्चंद्रदादांस,

गुरुप्रसादचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे मनातून. प्रत्यक्षात चार डिग्रीत फरशीला कपाळ टेकवायची माझी तयारी नाही, आणि टेकवले तर उठवायला इथे सध्या कोणी बोलत्या नात्यातले नाही.) आपली प्रकृती, मंजिरीवहिनींचा खोकला आणि चि. ध्रुवची नोकरी ठीक असतील अशी आशा आहे. नाशकात थंडी फार आहे असे आपण मागच्या फोनमध्ये म्हणालात. चौदा डिग्रीला थंडी म्हणणारा माणूस एकेकाळी ग्वाल्हेरात राहत होता हे इथे कोणाला सांगितलेले नाही. आपली अब्रू सुरक्षित आहे.

पत्र का, फोन का नाही, असा प्रश्न पडला असेल. फोनवर आपण दर दोन वाक्यांनी ‘काय?’ म्हणता, आणि मग मी मुद्दा सोडून पुन्हा खोकल्यावर येतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायची सोय उरलेली नाही. तिथे प्रांजलीने (माझीच मुलगी, माझ्याच घरात वाढलेली) स्वतःच्या फोटोच्या जागी नव्या स्टेडियमचे चित्र लावले आहे. चित्रात निळे आकाश, हिरवे गवत आणि एकसारख्या दातांची गोरी माणसे आहेत. त्यातला एकही माणूस आपल्या लष्कर भागातला नाही, हे मी तिला दाखवून दिले. ती म्हणाली, ‘बाबा, वहाँ पार्किंग है, टॉयलेट है, तुम्हाला प्रॉब्लेम काय आहे?’

तर प्रॉब्लेम असा, की आपला लष्कर हीरोज क्लब मैदान सोडून जायच्या बेतात आहे. भर बाजारातल्या बाड्यापासून चालत दहा मिनिटांवर असलेले आपले मैदान सोडून झाशी रोडला, शहर संपल्यावरही बराच वेळ चालत राहणाऱ्या रस्त्यावर, अकरा किलोमीटरवर. तिथे कोणीतरी जमीन देतो आहे. तिथे खुर्च्या असतील, दिवे असतील, आणि (इथे पत्र हातातून खाली ठेवावे) प्रेक्षकांच्या डोक्यावर छत असेल. छत! दादा, आपल्याला ठाऊक आहे, आपले लोक डिसेंबर-जानेवारीत फुटबॉल बघायला कधीच गेले नाहीत. ते धूप खायला जातात. आपल्या आठ दगडी पायऱ्या दक्षिणेला तोंड करून आहेत, बारा ते चार सलग ऊन, आणि समोर बावीस जण पळत असतात ते केवळ बघणाऱ्याला झोप लागू नये म्हणून. बायका मटार सोलतात, स्वेटर विणतात, गोल झाला की ‘कोणाचा?’ विचारतात. माझ्या या स्वेटरची उजवी बाही गावातल्याच हजीऱ्याच्या टीमविरुद्ध विणलेली आहे, म्हणूनच ती आखूड आहे. त्या दिवशी पेनल्टी झाली होती.

क्लबचे अर्थातच दोन तुकडे झाले. एक ‘इथले’, एक ‘तिकडचे’. मी इथला. इथल्यांचे म्हणणे वारसा, परंपरा, आजोबा. तिकडच्यांचे म्हणणे प्रगती, भविष्य, नातवंडे. मध्ये जी जिवंत पिढी आहे तिचे नाव कोणी घेत नाही. आमच्या घरात मी सोडून सगळे तिकडचे आहेत. वनमालेने तर मी वारशावरचे भाषण आरशासमोर म्हणत असताना मागून विचारले, ‘ऐंशी वर्षांत बायकांसाठी एक संडास बांधला नाहीत, तो कोणत्या परंपरेत बसतो?’ भाषणातला तो परिच्छेद मी गाळला. (खरे तर तिचे बरोबर आहे. पण लग्नाला एकतीस वर्षे झाल्यावर हे लेखी कबूल करण्याची जागा नाशिकच्या पत्रातच मिळते.)

आता दुःखाची गोष्ट. कान्होजी तिकडचा आहे. आपला कान्होजी! अठ्ठावीस वर्षे सातव्या पायरीवर डावीकडे तो, उजवीकडे मी, आणि मध्ये आपण. आपण मध्ये का, तर तो ऑफसाइड म्हणाला की मी नाही म्हणणार आणि आपण दोघांकडे एकेकदा बघून ‘हं’ करणार. त्या ‘हं’वर आमची मैत्री उभी होती हे आपण नाशकाला गेल्यावर कळले. नऊ वर्षे आम्ही आपल्या जागी कान्होजीचा थर्मास ठेवत आलो. थर्मास ‘हं’ करत नाही, पण मध्ये असतो. तर क्लबच्या सभेत मी उभा राहून वारशावर बोललो (संडास वगळून), लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि कान्होजी बसल्या जागेवरून म्हणाला, ‘वारसा-बिरसा काही नाही रे. या गुरूला स्कूटर चालवता येत नाही, म्हणून मैदान घराजवळ पाहिजे.’

लोक हसले. दादा, मी सत्तावन्न वर्षांचा माणूस, आणि भर सभेत! त्यावर मी म्हणालो, की याला नव्या कमिटीत उपाध्यक्ष व्हायचे आहे म्हणून हा तिकडे पळतो आहे. कान्होजीने बरोबरचा थर्मास उचलला आणि गेला. गेला, म्हणजे फार हळू गेला. त्या वेळी मला ते नाटक वाटले.

अध्यक्ष तुकोजीराव म्हणाले, भांडू नका, मी येत्या रविवारी मॅचला स्वतः येतो, डोळ्यांनी बघतो आणि ठरवतो. (ते अध्यक्ष झाल्यापासून मॅचला एकदाच आले होते, आणि तेही रस्ता चुकून.) मग काय विचारता! आम्ही इथल्यांनी ठरवले, मैदान तुडुंब भरून दाखवायचे, म्हणजे जुन्या मैदानावर लोकांचा किती जीव आहे ते कळेल. तिकडच्यांनीही ठरवले, मैदान तुडुंब भरून दाखवायचे, म्हणजे जागा किती अपुरी आहे ते कळेल. त्या रविवारी लष्करात कोणाच्या घरी कोणी नव्हते. मी आमचा न्हावी, त्याचे सासरे आणि भजनी मंडळ आणले. तिकडच्यांनी एक अख्खी वरात वळवून आणली म्हणतात; मी घोडी स्वतः पाहिली. आपल्या खेळाडूंनी आयुष्यात एवढी माणसे पाहिली नव्हती. ते मैदानात आले, बघितले आणि परत आत गेले. कॅप्टन मला विचारायला आला, ‘अंकल, कौन गुज़र गया?’ आपण पाच-शून्यने हरलो. पाचवा गोल तर आपल्याच बॅकने केला. त्याचे लक्ष घोडीकडे होते. दोन्ही बाजूंनी विजयाच्या घोषणा दिल्या. तुकोजीराव पायरीवर उन्हात बसल्या बसल्या झोपले, जागे झाल्यावर ‘मला जे बघायचे ते मी बघितले’ म्हणाले, आणि काय बघितले ते न सांगता म्हणाले, पुढच्या रविवारी पुन्हा येतो.

आता त्या आठवड्यात दोन्हीकडे हुशार लोक कामाला लागले. आमच्यातल्या हुशाराने सांगितले, अहो, मैदान भरले तर ते लहान ठरते! या वेळी कोणी जाऊ नका, भरपूर जागा आहे हे दिसू दे. त्यांच्यातल्या हुशाराने सांगितले, मैदान भरले तर ते लोकप्रिय ठरते! कोणी जाऊ नका, इकडे कुत्रे फिरकत नाही हे दिसू दे. (कुत्रे मात्र आले होते. त्याला कोणीच निरोप दिला नसावा.) तुकोजीरावही आले नाहीत, सकाळी कोहरा, म्हणजे धुके, फार होते म्हणून.

मी गेलो. मी का गेलो, तर कोणी आले नाही याची खात्री करायला. सातव्या पायरीवर बसलो, मफलर घट्ट केला. मॅच सुरू होऊन दहा मिनिटे झाली तेव्हा खालून कान्होजी येताना दिसला. तोही, मला वाटते, खात्री करायलाच. आणि दादा, तो पायऱ्या चढायला लागला. पहिली पायरी चढला आणि थांबला. दुसऱ्या पायरीवर हाताने गुडघा धरला. तिसरीला बसला, जणू त्याला तिथून कॉर्नर नीट दिसत होता. चौथीला पुन्हा थांबला. मी समोर बघत राहिलो, पण समोरचे मला काही दिसत नव्हते. सात पायऱ्यांना त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आपल्या टीमने एक गोल केला. वर आला, डावीकडे बसला, थर्मास मध्ये ठेवला. तेव्हा मला समजले की तिकडे त्याला उपाध्यक्षपद नको होते. त्याला पाठ टेकायला खुर्ची हवी होती आणि चढण नको होती. आणि हे सभेत सांगण्यापेक्षा त्याने प्रगतीचे नाव घेतले, जसे मी स्कूटरऐवजी आजोबांचे घेतले.

मी उठलो. त्याला वाटले मी निघालो. मी खाली उतरलो आणि दुसऱ्या पायरीवर जाऊन बसलो. मागून आवाज आला, ‘सातवी सोडली?’ मी म्हणालो, ‘खाली धूप चांगली आहे.’ सूर्य काही पाच पायऱ्यांनी जवळ येत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. तो उतरून आला (उतरताना त्याला जास्त त्रास होतो, हे मला आधी कळायला हवे होते), थर्मास मध्ये ठेवून डावीकडे बसला. आपण दोन-शून्यने जिंकलो. या मोसमातला पहिला विजय, साक्षीदार दोन, आणि दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते. एवढेच, की दुसऱ्या गोलाला तो ‘ऑफसाइड’ म्हणाला आणि मी ‘मुळीच नाही’ म्हणालो, आणि मग दोघेही सवयीने मध्ये बघायला लागलो. थर्मास होता.

शेवटी तुकोजीरावांनी आजीव सभासदांची मते मागवली. एकूण एक्केचाळीस. वीस इथे, वीस तिकडे. एक्केचाळिसावे आपण. क्लबच्या घटनेत लिहिले आहे, की सर्व आजीव सभासदांची मते आल्याशिवाय मैदान हलवायचे किंवा न हलवायचे हे ठरवता येत नाही. तेव्हा सगळे लष्कर सध्या नाशिकच्या दिशेने तोंड करून बसले आहे. ऊन नेमके त्याच बाजूने येते, हा योगायोग समजावा.

वहिनींना नमस्कार, ध्रुवला आशीर्वाद. वनमालेने तीळगूळ पाठवला आहे आणि इथला तिळाचा कुरकुरीत गजकही. गजक फुटला तर वास्तविक तो फुटण्यासाठीच असतो असे समजावे.

आपला,
गुरुप्रसाद

ता. क. : मूळ विनंती वर राहूनच गेली. मताचा फॉर्म सोबत जोडला आहे. आपला त्रास वाचावा म्हणून मी सगळे भरले आहे, ‘इथेच’ या रकान्यात खूणही केली आहे. आपण फक्त सही करावी. उलट टपाली.

ता. क. २ : हे लिहीत असताना कान्होजी घरी आला. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत; वनमालेने खुर्ची बाहेर अंगणात टाकली आणि म्हणाली, आत फार गार आहे. त्याने हे पत्र पूर्ण वाचले, ‘फार हळू गेला’ हे खोडायला सांगितले (खोडले नाही), आणि खिशातून स्वतःचा फॉर्म काढला. त्यावरही आपले नाव होते, आणि खूण ‘तिकडे’ या रकान्यात होती. आपला त्रास वाचवणारे आम्ही दोघे निघालो. मग त्याने विचारले, दादांनी सही केली तर काय होईल? इकडे झाली तर मी वरती चढणार कसा, आणि तिकडे झाली तर तुला नेणार कोण? मी म्हणालो, नेणार कोण म्हणजे? तो म्हणाला, ‘स्कूटर मीही आता चालवत नाही रे. गुडघा.’

ता. क. ३ : फॉर्म पाकिटात शोधू नका. दोन्ही काढून घेतले आहेत. जोवर आपले मत आलेले नाही तोवर मॅच दर रविवारी दोन वाजता, याच मैदानात आहे. मत टपालाने मुळीच पाठवू नये. द्यायचेच असेल तर स्वतः येऊन द्यावे, आणि येण्याची घाई करू नये, पण फेब्रुवारी संपायच्या आत यावे, नंतर ऊन टोचते. मधली जागा आता दुसऱ्या पायरीवर आहे. दगड गार असतो; बसायला उशी आणावी. थर्मास आम्ही उचलून ठेवू.