काजलला शहाणी न म्हणण्याबाबत

मी, पुंडलिक कवडू झाडे, वय पासष्ट, राहणार नालवाडी, वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहितो आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. म्हाताऱ्याच्या डोक्याचा दाखला सगळे मागतात. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्याची चौकशी घरात कोणी केली नाही, म्हणून हा कागद.

१. माझे वडील फौजेत शिपाई होते. एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हा मी अकरा वर्षांचा. मीही शिपाईच झालो, पण सिंदी रेल्वे या गावच्या शाळेत. चौतीस वर्षे घंटा वाजवली आणि वर्गाबाहेर उभा राहून कविता ऐकल्या. पावसाळ्यात पाचवीची पोरे एका सुरात म्हणू लागली की कौलेसुद्धा ताल धरायची. माझ्या आयुष्यात गोड म्हणावे असे ते एवढेच.

२. नालवाडीचे घर माझ्या कमाईचे आहे. पुढच्या दोन खोल्या, अंगण आणि कडुनिंब माझी धाकटी सून मोहिनी हिला. मागची खोली आणि सिंदीचे दोन एकर थोरला मुलगा मुकेश याला. हे मृत्युपत्र राग काढायला लिहिलेले नाही. थोडा निघाला तर निघू द्यावा.

३. राग कशाचा, तेही नमूद करतो. धाकटा दुर्गेश सीमेवर होता. मोहिनी आणि त्यांची मुलगी काजल त्याच्याजवळ क्वार्टरमध्ये राहत. मागच्या मे महिन्यात तोफा सुरू झाल्या, मायलेकी तीन दिवस तळघरात होत्या. वर आल्या तेव्हा दुर्गेश नव्हता. दोघी नालवाडीला आल्या तेव्हापासून शेजारची बोअरची मोटर सुरू झाली की काजल खाटेखाली जाते. रडत मात्र नाही. सारी नालवाडी म्हणते, पोरगी किती शहाणी.

सावंगीच्या दवाखान्यात जूनमध्ये तिला एकदा दाखवले. डॉक्टरीणबाईंनी दर महिन्याला एका गुरुवारी बोलावले. मोहिनीला रस्ते ठाऊक नाहीत, म्हणून मुकेशने जबाबदारी घेतली. जुलैत येऊन म्हणाला, "बाबा, डॉक्टरनं सुट्टी देल्ली. पोरगी एकदम शहाणी झाली आता." मी देवापुढे साखर ठेवली.

या संक्रांतीला त्याच्या गाडीच्या डिकीत हातमोजे शोधताना दवाखान्याचे कार्ड सापडले. जूननंतरच्या साऱ्या रकान्यांत तारखा होत्या, सही एकही नाही.

"हे काऊन लपवलं?"

"उद्या सोयरीक पाहाले लोकं आले तं काय सांगाचं? पागलाच्या डॉक्टरकडं जात होती म्हनून?"

"तिचा बाप तुहा भाऊ होता ना रे."

"म्हनूनच तं. शहिदाच्या पोरीले असं शोभते का? तुमीच कविता शिकवली ना तिले?"

कार्ड मी माझ्याजवळ ठेवून घेतले.

४. ती कविता आमच्या गुरुजींनी वडील गेल्यावर माझ्यावर रचली होती:

रणी पडे ज्याचा बाप, तरी न डोळा ओला,
शहाणा बाळ आमुचा, गाव म्हणे त्याला.

दर पंधरा ऑगस्टला मला ती म्हणायला उभे करत. टाळ्या पडत. पुढे तीन वर्षे मी रोज अंथरूण ओले करत होतो, हे आईशिवाय कोणाला माहीत नव्हते. गुरुजींवर माझा जीव होता. त्यांनी मला फसवले हे कळायला पन्नास वर्षे लागली, आणि कळल्यावरही चाल इतकी सुंदर, की मागच्या ऑगस्टमध्ये मीच ती काजलला बसवून दिली. तिने न अडखळता म्हटली. पाहुणे उठून उभे राहिले. घरी येताना तिने विचारले, "आबाजी, आता रडलं तं चालन का?" मी म्हणालो, "शहाणी ना तू." मुकेशने कार्ड लपवले. मी काय केले ते हे आहे. दोन्ही एकाच कागदावर असू द्यावे.

५. शाळेत नवी विजेची घंटा आली तेव्हा मला दिलेला जुना रुळाचा तुकडा आणि हातोडी मुकेशला. ते लोखंड त्याने काजलच्या कानांपासून लांब ठेवावे.

६. येत्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमातून तिचे नाव मी स्वतः शाळेत जाऊन काढले आहे. परवा, गुरुवारी, मी आणि मोहिनी तिला सावंगीला नेऊ. रस्ता मी मोहिनीला दाखवतो, पुढे ती नेईल. उपचाराबाबत शब्द फक्त तिच्या आईचा. कार्ड मोहिनीजवळ राहील.

७. कवितांच्या माझ्या वह्या काजलला. त्यातले गुरुजींच्या कवितेचे पान मी फाडले आहे. ते माझ्या चितेत टाकावे.

८. मी गेल्यावर, किंवा त्याआधी कधीही, भर अंगणात, शाळेत, पाहुण्यांसमोर, काजलला रडू आले तर तिला कोणी गप्प करू नये, आणि शहाणी म्हणू नये. हा हक्क मी तिच्या नावे कायमचा करून देत आहे. यावर मुकेशचा, शाळेचा, गावाचा आणि माझा कोणताही दावा राहिलेला नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

पुंडलिक कवडू झाडे

आमच्यासमोर सही केली:
१. आनंदाबाई, शेजारीण (अंगठा)
२. भूपेंद्र, शाळेतील लिपिक

नालवाडी, वर्धा
मंगळवार, २० जानेवारी २०२६