शालूची परसातली खोली

सर्वण, मंगळवार, तिन्हीसांजेला

नवरा गेल्यापासून धाकटी बहीण शालू आमच्याकडेच आहे. परसात तिला वेगळी खोली बांधून देणार होतो. खिडकी फणसाच्या बाजूला हवी, एवढंच तिचं मागणं.

आज पंचायतीत सचिव म्हणाले, "परस ऑर्चर्ड झोनमध्ये येतं. तिथं खोली बांधता येणार नाही." बागायतीची जमीन म्हणे! जमीन आमची, फणस आमचा, आणि बहिणीला एक खिडकी देता येऊ नये?

घरी येऊन सांगितलं. शालू तांदूळ निवडत होती. "राहू दे रे दादा. डिचोलीत भाड्याची खोली बघते."

"आमच्यातच राहा गे."

"तुम्ही सगळी मायेनंच वागता. पण कधी रडू आलं तर दार कुठलं लावू?"

उद्या तिच्यासोबत डिचोलीला जाणार आहे.