डोळे आलेले नाहीत

३० नोव्हेंबर, रवि.
सकाळी डोळे उघडेनात. पापण्या लाल, सुजलेल्या, कडेला कोंडा. झोपेत खाजवलं असणार, उशीवर रक्ताचा ठिपका. दोन महिने हेच. सौ. म्हणाली, "आरशात बघू नका, तो घाबरेल."
हातांच्या इसबाची ट्यूब पापण्यांवर लावली. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, हात फाटले, तेव्हाची ट्यूब. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट.
सून मृणाल परवा माहेराहून बाळाला घेऊन येणार. नात ईरा, सहा महिन्यांची. १४ ला उष्टावण. पहिला घास आजोबांच्या मांडीवर, आमच्याकडे तशी रीत. माझ्या वडिलांनी आमच्या मुलाला, प्रशांतला, असंच... या तोंडाने कसं बसायचं.

२ डिसें., मंगळ.
आल्या. दारातच मृणालचं लक्ष माझ्या तोंडाकडे. "बाबा, डोळे आलेत का?" नाही म्हणालो. प्रशांत म्हणाला, "मग हे काय, रंगपंचमी?"
मृणालने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. तिचंही बरोबर आहे.
आत जाऊन काळा गॉगल लावला. डोळे आलेल्याने दुसऱ्याकडे बघू नये म्हणतात. आलेले नाहीत. पण खात्री कोणाला आहे.

४ डिसें., गुरु.
गॉगल लावूनच जेवलो. आमटीत मोहरी की माशी, कळेना. जिन्यात खालचे जोशी म्हणाले, "काय, शूटिंग कुठं आहे?" हसलो.
पलीकडच्या खोलीत ईरा हसते ते ऐकू येतं. दाराशी उभा राहिलो. मृणाल हळूच म्हणाली, "बाबा, चार दिवस लांबूनच हं." माझा टॉवेल, पेला वेगळा केला आहे. कोणी सांगितलं नाही, मीच केला.
उष्टावणाला घास भरवायचं मृणालच्या भावाला विचारून ठेवलंय, असं सौ. म्हणाली. मामाने भरवला तरी चालतो. चालतो. नाही कुठे म्हणतो मी.

८ डिसें., सोम.
शेवटी डॉक्टर. कर्वेनगरातून बस, सौ. सोबत. कातडीची डॉक्टर, प्रशांतपेक्षाही लहान. बॅटरी मारून पाहिलं.
"आजोबा, डोळे आलेले नाहीत. इसबच आहे, पापण्यांवरचं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. काय लावता यावर?"
ट्यूब दाखवली. तिने उलटून नाव वाचलं. मग म्हणाली, ही हातांच्या जाड कातडीसाठी. पापणी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. "इथे लावायला कोणी सांगितली?"
सौ. म्हणाली, "यांचे डॉक्टर हेच."
ट्यूब बंद. झोपताना कपाळाला बाम, तोही बंद. नवं मलम दिलं, अगदी थोडं, सांगितले तेवढेच दिवस. डोळ्यांचं प्रेशर तपासायला हवं. म्हटलं, प्रेशरची गोळी रोज घेतो. "ते प्रेशर नव्हे आजोबा, डोळ्याच्या आतलं. त्या ट्यूबने वाढू शकतं." म्हणजे आता तीही काळजी.
सौ. औषधं आणायला बाहेर गेली, तेव्हा डॉक्टरने विचारलं, लहानपणी होतं का. होतं. कोपरात, गुडघ्यामागे. त्याच्याही आधी गाल फुटायचे, आई सांगायची. आईला दमा. "बरोबर, हे घराण्यातून येतं पुष्कळदा." लागत नाही, पण येतं.
उठताना म्हटलं, बाई, लागत नाही एवढं मराठीत लिहून द्या. हसली. दिलं.

९ डिसें., मंगळ.
चिठ्ठी मृणालला दिली. "डोळे आलेले नाहीत. संसर्ग नाही. बाळाला घेण्यास हरकत नाही." दोनदा वाचली, फोटो काढून आईला पाठवला. मग तिच्याच डोळ्यांत पाणी. "मला वाईट वाटत होतं हो बाबा. पण बाळ आहे ना..." म्हटलं, बरोबर केलंस. तिने भावाला फोन करून सांगितलं, घास आजोबाच भरवणार.
गॉगल काढला. प्रशांत म्हणाला, "जोशींना सही द्यायची राहिली."

१२ डिसें., शुक्र.
डोळ्यांतलं प्रेशर ठीक निघालं. तीन तास बसलो त्यासाठी. सूज उतरते आहे. खाज आहेच. हात मांडीखाली घेऊन बसतो. दमायला होतं.

१४ डिसें., रवि.
उष्टावण झालं. ईरा माझ्या मांडीवर. सोन्याची अंगठी खिरीत बुडवून ओठांना लावली, तर तिने अंगठीच धरली. सोडेना. सगळे हसले. मीही.
तोंड पुसताना बोट तिच्या गालावरून गेलं. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधण्यात जन्म गेला. बोट फसत नाही. गाल खरखरीत. दोन्ही. कानामागे ओलसर. मग तिने मूठ डोळ्यावर चोळली, झोपेला आल्यासारखी.
विहीणबाई म्हणाल्या, "थंडीने फुटलेत गाल. साय लावा." मी म्हणालो, हो, थंडी आहे यंदा.
संध्याकाळी मृणाल चहा घेऊन आली. "बाबा, तुम्हाला हे कधीपासून आहे?" सहज विचारलं असेल. चिठ्ठीत तेवढंच लिहिलेलं नव्हतं.
दोन महिने, म्हणालो.
सत्तर वर्षं म्हणायला हवं होतं. उद्या सांगतो. उद्या विहीणबाई आहेत अजून. परवा.