झाकून ठेवलेली बहीण

मी, सबोहत, वय पंचाहत्तर, रेशीम विणणारी, राहणार मार्गिलान. माझा हात थरथरतो, डोकं शाबूत आहे. कुणीही भरीस न घालता मी हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे.

घर, अंगण आणि द्राक्षांचा मांडव धाकटी बहीण नोझिमा हिला द्यावा. माझ्या भावाचा मुलगा इल्होम म्हणेल, ती आपल्या रक्ताची नाही. खरंच नाही. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, सरकारनं त्यांच्या डोंगरी मुलखातून हाकललेल्या तुर्कांची गाडी स्टेशनात थांबली होती. कोळसा वेचायला गेलेली आई शालीखाली एक पोरकी पोर घेऊन परतली. शिपाई चौकशीला आले, तेव्हा ‘माझीच आहे’ म्हणाली. ते गेल्यावर मी विचारलं, आपण हिला लपवलंय का? आई नानचं पीठ मळत होती.

"लपवतात ते चोरीचं," ती म्हणाली. "पीठ फुगावं म्हणून आपण झाकून ठेवतो ना, तसं समज."

माग इल्होमला. विणायला शिकला तरच.

कुंपणाजवळचं जर्दाळूचं झाड शेजारी तुर्सुनबाय यांना. पाटाच्या पाण्यावरून आमचा जुना अबोला. तरी एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात दंगल पेटली आणि जमाव तुर्कांना मारायला शोधत गल्लीत शिरला, तेव्हा ते आमच्या दारात बाजलं टाकून बसले. म्हणाले, "इथं सख्ख्या बहिणी राहतात. भांडण ऐकायचं असेल तर थांबा." जमाव पुढे गेला. अबोला आम्ही दोघांनीही मोडला नाही. झाड घ्यावं, आभार मानायला येऊ नये.

दुपारी नोझिमा मांडवाखाली झोपते. पानांच्या सावल्या तिच्या अंगावरून वाहत असतात आणि ती कुठल्याशा डोंगरातल्या मेंढ्यांना हाका मारते. तेव्हा तिला कुणी उठवू नये.

आली त्या दिवशी तिनं मला आपलं आधीचं नाव सांगितलं होतं. आईनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं. तेव्हापासून मी ते उच्चारलं नाही, इथंही लिहीत नाही. काल मात्र मांडवाखाली तिच्या कानात सांगितलं.



"हे कुणाचं नाव गं, आपा?"

"होती एक मुलगी."

"मग तिला घरी कुणी नेलं?"

"आईनं," मी म्हणाले.

"बरं झालं," म्हणून ती कुशीवर वळली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : सबोहत
साक्षीदार : मुहर्रम (सुईण), अब्दुवाली (नानवाला)
मार्गिलान, १४ मे २०११