एक लांब, एक आखूड

३ मार्च, सोमवार

सिनेमावाले आले! म्हणजे सिनेमा नव्हे, माहितीपट. "महागडे झगे ज्या हातांनी बनतात, त्या हातांची गोष्ट" — इति दाढीवाला. दाढीवाला म्हणजे दिग्दर्शक. आल्या आल्या त्याने शिवणखोलीतलं घड्याळ उतरवायला लावलं, टिकटिक ऐकू येते म्हणून. पंखे बंद. मग चारही शिलाई मशीनवर चादरी टाकल्या. हातांची गोष्ट आहे ना!

मशीनवाल्या चौघी दिवसभर चादरींशेजारी बसून होत्या. दुखवट्याला आल्यासारख्या.

मी मागच्या टेबलावर, खांबाआड. मला त्यात दिसायचंच नाहीये.

४ मार्च

का ते लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

तेवीस वर्षं मी इथे कच्चे टाके घालते. फक्त कच्चे टाके. कापड कापून आलं की पांढऱ्या सुती दोऱ्याने तात्पुरतं जोडायचं. त्यावर बाकीच्या पक्की शिलाई करतात. झगा पुरा झाला की बाई — आमच्या शिवणखोलीच्या मुख्य — चिमट्याने माझा दोरा न् दोरा उपसून काढतात. झगा दाराबाहेर पडतो तेव्हा त्यात माझं काहीही नसतं. कामच ते. धरून ठेवायचं, आणि सुटताना खूण ठेवायची नाही.

आईला हे माहीत नाही. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काय करतेस गं तिथे?" मी म्हटलं, "झगे शिवते." तिने ते अख्ख्या इमारतीला सांगितलं. आईने स्वतः जन्मभर घरी बसून लोकांचे कपडे शिवले, त्यावर मला वाढवलं. तिला काय सांगू — तुझ्या लेकीचा एक टाका जगात कुठे शिल्लक नाही म्हणून?

आता ते पडद्यावर दिसणार.

६ मार्च

खांबाचा उपयोग झाला नाही. दाढीवाल्याला खांबाची सावली आवडली.

७ मार्च

दिवसभर माझे हात. काळा झगा आहे, मोठ्या समारंभातला, त्यावर माझा पांढरा दोरा. "ताई, जरा सावकाश." "ताई, पुन्हा एकदा." मण्यांचं काम करणारीला पुन्हा कर म्हटल्यावर ती नाक मुरडून निघून गेली. तिचं बरोबर आहे, तिचं अर्ध्या दिवसाचं काम उसवायचं होतं. माझं काय! सर्रकन ओढलं, परत घातलं. अकरा वेळा. रीटेकसाठी माझ्याइतकं सोयीचं माणूस त्यांना मिळालं नसेल.

"या कामामागचं तुमचं तत्त्वज्ञान काय?"

मी म्हटलं, "दोरा सुती हवा. रेशमी घसरतो."

दाढीवाला कितीतरी वेळ मान हलवत राहिला.

१० मार्च

माझ्या हातांच्या शूटिंगचा तिसरा दिवस. आज मी भरपूर बोलले. टाका आईने शिकवला, एक लांब, एक आखूड — म्हणजे धरतोही, आणि ओढला की एका दमात निघतो. बाईंना माझ्या दोऱ्याला कधी कात्री लावावी लागलेली नाही. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलले. बोलताना पदराने नाक पुसलं! कॅमेऱ्यापुढे! शोभलं नाही.

पण खरं लिहायचं तर, आता मला दिसायचंय. आईला जे कळायचं ते कळू दे. एकदा तरी दिसायचंय.

१४ मार्च, शुक्रवार

काळा झगा गेला. बाईंनी डोळ्यांत तेल घालून शेवटची तपासणी केली. त्या नेहमी एकट्याच करतात, दार लोटून. मी इस्त्रीच्या टेबलाजवळ होते म्हणून दिसलं. मागच्या बाजूला आज बराच वेळ लागला.

बाहेर आल्या, "गेला" म्हणाल्या. प्रत्येक झग्याला तेवढंच म्हणतात.

मग मला म्हणाल्या, "आईला सांगितलंस, टीव्हीवर दिसणार म्हणून?"

"सांगितलं."

"घाई केलीस. त्यांच्याकडेही चिमटा असतो."

बाई तेवीस वर्षांत माझ्याशी इतकं लांब बोलल्या नव्हत्या. बोलल्या तेही असं!

१२ ऑगस्ट

माहितीपटाच्या संकलनवाल्या मुलीचा फोन. फार गोड बोलत होती. "ताई, तुमचे सीन आम्ही सुरुवातीला आधार म्हणून लावले होते. त्यांच्यामुळेच बाकीचं जुळलं. जुळल्यावर मग काढले."

मी म्हटलं, "समजलं."

तिला वाटलं मी रागावले, म्हणून पुन्हा समजावायला लागली. मी म्हटलं, अगं बाई, हे जगात कुणाला समजावावं लागत नसेल तर ते मला.

फोन ठेवून मोरीत जाऊन रडले.

१३ ऑगस्ट

आईला सांगायचं राहिलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लागला माहितीपट. आईने शेजारच्या तीन बिऱ्हाडांना बोलावलेलं. खुर्च्या कमी पडल्या. मी दारात उभी.

मण्यांवाली दिसली. कापणारे मास्तर दिसले, रोजच्यापेक्षा अर्ध्या वेगाने कापताना. चादरी टाकलेल्या मशीन कुठेच नाहीत. शेजारीण दर पाच मिनिटांनी, "आता येईल हं!" मी यायचं नाव नाही.

शेवटी काळा झगा. तो घातलेली मुलगी समारंभात पाठमोरी चालत जाते, कॅमेरा तिच्या मागे मागे, खाली खाली... झग्याला मागून चीर आहे. ती उघडू नये म्हणून मी कच्चे टाके घातले होते.

चिरेच्या अगदी वर, काळ्यावर पांढरे, दोन टाके. एक लांब, एक आखूड.

आई खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेली आणि काचेवर बोट ठेवलं. "हा माझा टाका! म्हणजे हिचा. बघा, हिचा हात आहे हा!"

सगळे गेल्यावर मी सांगून टाकलं. कच्चेच घालते, आजवर तेच करत आले. आई उशीचा अभ्रा बदलत होती. म्हणाली, "तुझ्या बोटांना घट्टे नाहीत. पक्की शिलाई करणारीची बोटं मला कळत नाहीत का?"

"मग इमारतभर का सांगत सुटलीस?"

"कच्चे घातल्याशिवाय झगा होतो का? झगेच शिवतेस तू. दिवा घालव."

२२ सप्टेंबर, सोमवार

मालक स्वतः शिवणखोलीत. हातातल्या फोनवर तेच चित्र, मोठं केलेलं. म्हणे सगळीकडे हसं झालं, एवढा महागडा झगा आणि कच्चा दोरा तसाच!

"कुणाचे टाके?"

"माझे," मी म्हटलं.

"काढायचे कुणी?"

"मी," बाई म्हणाल्या. "डोळे गेले माझे. जवळचं दिसत नाही हल्ली."

संध्याकाळच्या आत बाईंचं टेबल रिकामं. चिमटा माझ्या हातात दिला आणि चालू लागल्या. निरोप नाही, काही नाही.

चार दिवस मी मनातल्या मनात हवेत होते — माझे दोन टाके जगाने पाहिले! आणि त्यांची किंमत बाईंनी मोजली. मला माझीच लाज वाटते आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

बाईंच्या घरी गेले, माफी मागायला. वाटेत वाक्यं पाठ करत होते. बाई खिडकीत बसून पडद्याची कड दुमडत होत्या. दोरा संपला. त्यांनी डबीतून सगळ्यांत बारीक सुई उचलली आणि चष्म्याशिवाय, डोळ्यांसमोर धरून, एका झटक्यात ओवली.

मी त्या सुईकडे बघत राहिले.

"काय बघतेस?" बाई म्हणाल्या. "चहा ठेव."