एका खोलीतला हिवाळा

प्रिय सूनबाई,

फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. आधी चिमणी फोन हिसकावते, मग तुझी शाळेत शिकवायला जायची वेळ होते, आणि मी ‘सगळं ठीक आहे गं’ म्हणून ठेवून देते. म्हणून आज कागद घेतला. इथे मध्ये कुणी बोलत नाही.

दुकानात अजून थंडीचीच कामं आहेत. कुणीतरी चेन बिघडलेलं जॅकेट मशीनवर आणून टाकतं आणि आजच हवं म्हणतं. शेजारचा न्हावी अधूनमधून विचारतो, “मावशी, नात परत कधी येणार?” मी म्हणते, “आत्ताच तर गेली.” महिना होऊन गेला, तरी माझं उत्तर तेच.

तुम्ही आलात आणि लगेच आतल्या खोलीतला हीटर बंद पडला. तू वैतागलीस. माझ्या मात्र ते पथ्यावर पडलं. कारागीर रोज ‘उद्या येतो’ म्हणायचा. एरवी मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं, या वेळी मुकाट ऐकून घेतलं. तिघी एका खोलीत, एका जाड रजईखाली, आणि मध्ये लाथा झाडणारी चिमणी! सकाळी ग्लासातली माझी कवळी बघून ती तुझ्या कानात म्हणाली, “हळू बोल, आजीचे दात अजून झोपलेत.” तू इतकी हसलीस की उचकी लागली. माझा दादू अपघातात गेल्यानंतर या घरात तुझं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. मी डोळे मिटून पडून राहिले, उठले असते तर तू थांबली असतीस.

मग दादूचा तो तपकिरी कोट. चिमणीच्या मापाचा करावा म्हणून मी तो उसवायला घेतला, तेव्हा तू म्हणालीस, “आई, राहू द्या ना.” आणि लगेच, “नाही, कापा. तिला थंडी वाजते.” मग ओट्याशी जाऊन धुतलेलीच भांडी तू पुन्हा धुतलीस. मीही तुझ्याकडे पाठ करून बसले. जन्मभर शिवणकाम केलं, पण त्या दिवशी साधी सुई ओवता येईना. पोरगी मात्र कोट घालून गरगर फिरली आणि बाही नाकाशी धरून म्हणाली, “बाबाचा कुठे, याला तर कपाटाचा वास येतो.”

निघायच्या दिवशी धुक्यानं गाड्या रद्द झाल्या आणि तुमच्या खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर न्यायला आले. इतक्या लांबून, अशा धुक्यात. जेवताना त्यांनी हळूच विचारलं, “काकू, एकाच बाजूनं चावताय. कवळी टोचते का?” मी म्हटलं, छे छे. तरी गाडीतून पेटी आणून त्यांनी कवळी घासून दिली. ताटातलं निवून गेलं, पण काम पुरं होईपर्यंत गडी खिडकीकडे तोंड करून उभा. माझं बोळकं कुणी बघू नये, एवढं त्यांना कळलं. नंतर झोपलेल्या चिमणीला त्यांनी खांद्यावर घेतलं, तेव्हा तू सगळीकडे बघितलंस, फक्त त्यांच्याकडे नाही. अगं, मीही कधीकाळी तरुण होते.

तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी कारागीर हजर! आता दोन खोल्या उबदार आहेत आणि माणूस एक. अजून भिंतीकडेला अंग चोरूनच झोपते. सवय मोडत नाही, की मोडावीशी वाटत नाही, कोण जाणे.

काल डॉक्टरांचा फोन आला. कवळीची चौकशी झाली, हवापाण्याची झाली, तरी फोन ठेवेनात. शेवटी मीच म्हटलं, “डॉक्टर, दुखतंय कुठे ते सांगा.” तेव्हा अडखळत म्हणाले, “मी त्यांना लग्नाचं विचारलं होतं, काकू. त्या नाही म्हणाल्या. आईंना माझ्याशिवाय कोण आहे, म्हणाल्या.” त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. पण बाळ, माझा लेक गेला त्याची पोकळी तू एकटी राहिल्यानं भरायची नाही. एकीच्या दोन एकट्या होतील, एवढंच. मला वाईट वाटणार नाही असं मी म्हणत नाही. वाटेल. तू हो म्हणशील त्या दिवशी दुकान बंद ठेवीन आणि पोटभर रडेन. दुसऱ्या दिवशी उघडीन. डॉक्टर तुझ्या मनात नसतील तर खुशाल नाही म्हण, पण ते ‘नाही’ तुझं असू दे, माझ्या नावावर खपवू नकोस. आणि असतील, तर हे वाचून झाल्यावर फोन कर. आधी त्यांना, मग मला.

तुझीच,
आई